बदली नाव

डोंगरकडा,
१८ एप्रिल २०२४

ती. काकू,

पाया पडते. पाचवीत बाईंनी शिकवलं होतं, की विधवा बाईला पत्र लिहिताना नावाआधी 'गं. भा.' घालायचं असतं. मी घरी येऊन ते घोकत होते तर तू चुलीपुढून म्हणालीस, "ती दोन अक्षरं मला लावलीस तर पत्र बंबात घालीन." ते माझ्या लक्षात आहे, म्हणून नुसतं काकू.

फोन तू उचलत नाहीस. सात वेळा लावला. आठव्या वेळी तुझ्या भावानं, संतराममामांनी उचलला आणि "ताई रानात हाय" म्हणाले. एप्रिलच्या भर दुपारी तू रानात काय करतेस, हे मी विचारलं नाही. पण तू सातवी शिकलीस, पेपर वाचतेस, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडत नाहीस. तेव्हा पत्र वाचशीलच.

तू माहेरी निघालीस त्या सकाळी फाट्यावर मला एकच विचारलंस. "कोमल, त्यान्ला कसं कळलं?" तेवढ्यात गाडी आली आणि मी पिशवी वर दिली. उत्तर राहिलं ते राहिलंच.

आता क्रमानं लिहिते. रागावू नकोस, अहवाल लिहून लिहून हाताला तसंच वळण लागलंय. पुण्याच्या संस्थेचा अभ्यास होता हळदीच्या कारखान्यांचा. बायकांना काम कसं मिळतं, कसं टिकतं, आणि सुपरवायझर लोकांना माणसं सांभाळायला शिकवायचं तर काय शिकवायचं. मी टॅब घेऊन दोनशे बायकांकडे गेले आणि त्यात तुझ्याकडेही आले. तू नको म्हणत होतीस. मीच म्हणाले, तुझं नाव कुठेच येणार नाही, माझी शपथ. मग तू हळद निवडता निवडता बोलल्यासारखी सहज बोललीस. "पाणीच पेत न्हाई आमी. सकाळी नऊला आत गेलं की संध्याकाळी सहालाच बाहेर. जायचं कुठं, मागं तुरीत? तिथं ट्रकवाले बसून ऱ्हातेत. अन् गेलंच तर अर्ध्या दिसाची हजेरी कापून ऱ्हायलेत." अकरा वर्षं त्या कारखान्यात काढून हे तू पहिल्यांदा कुणाला सांगत होतीस.

सुधाताईंनी, म्हणजे आमच्या पुण्याच्या मॅडमनी, ते अहवालात घेतलं. नाव बदलून. फेब्रुवारीत हिंगोलीत सुपरवायझरांचं शिबिर झालं, तिथे ते वाचून दाखवलं. आणि आठ दिवसांनी ठेकेदाराची जीप तुमच्यासमोर थांबायची बंद झाली. तू, खेमा, आणि तुमच्या टोळीतल्या चौघी तीन दिवस डबे घेऊन फाट्यावर उभ्या राहिलात.

कसं कळलं ते मलाही कळत नाही, काकू. नावं सगळी बदललेली होती. मी तर त्या वेळी हॉलमध्येही नव्हते, मागे चहाचं बघत होते.

हंगाम अजून महिनाभर आहे. तुला परत कामावर घ्यायला लावते. नाही लावलं तर नावाची कोमल नाही.

तुझी,
कोमल

•

हिंगोली,
१२ मे २०२४

ती. काकू,

मी हिंगोलीत खोली घेतली आहे. बाबांशी माझं बोलणं नाही. त्यांनी तुझ्यावर जे तोंड टाकलं ते माझ्यावर टाकायला हवं होतं. पण भावजय मिळाली हाताशी, मुलगी पडली नोकरीवाली. असो.

कारखान्यात जाऊन आले. मॅनेजर किसनरावांनी बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. असं कुणी वागलं की समजावं, काम होत नाही. म्हणाले, "आमी कुणालाच काढलं न्हाई म्यॅडम. बाया ठेकेदाराच्या. त्यानं गाडीचा रस्ता बदलला, त्याला आमी काय करावं? काढल्याचा एखादा कागद असंल तर दाखवा." कागद कुठून असणार? अकरा वर्षांत तुला घेतल्याचाही कागद नव्हता.

मग मला मागे घेऊन गेले. "अहवालाचा आमी मान ठेवला बरं का." बायकांसाठी नवा संडास बांधलाय. गुलाबी फरशी, आत नळ, बाहेर बाईचं चित्र आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात, वहीत सही करून घ्यायची. मी वही पाहिली, पान कोरं होतं. दारापुढे उभं करून माझा फोटो काढला त्यांनी. मी उभी राहिले, काकू. तो फोटो आता संस्थेच्या पत्रकात छापलाय, खाली 'संशोधनातून बदल'. तू जे मागितलंस ते मिळालं आणि तिथं जायला तू नाहीस.

कामगारांच्या कचेरीतही गेले. तिथला क्लार्क भला माणूस होता. त्यानं सांगितलं, "तक्रार जिची असंल तिनं सोता यावं लागतं ताई. नाव, आधार, सही. बिगर नावाची तक्रार घेता येत न्हाई." मी शपथ घातली होती तुझं नाव येणार नाही म्हणून, आणि आता तुझ्या नावाशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. कसं कळलं ते मला ठाऊक आहे.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'बदली नाव'. तो सर्वेक्षकानं, म्हणजे मी, भरायचा. बाकी एकशे नव्व्याण्णव जणींना मी टीव्हीवरच्या मालिकांतली नावं देऊन टाकली. तुझ्या फॉर्मवर हात अडला. तुला काहीतरी चांगलं द्यावंसं वाटलं, आणि मी 'मंजुळा' लिहिलं.

लग्नात विश्वंभरकाकांनी तांदळात अंगठीनं 'नीला' लिहिलं आणि मंजुळा संपली, हे तूच सांगितलं होतंस. सासूचं नावही मंजुळाबाई. सासूचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, म्हणजे तुला तुझं स्वतःचंच नाव घेता येईना. मी सात वर्षांची असेन. तेव्हापासून घरात कुणी नसलं की मी तुझ्या कानाशी येऊन "मंजुळा" म्हणायची आणि तू मला पिठाच्या हातानं मारायचीस, हसत. मला वाटलं, या गावात ते नाव म्हणजे आजी, आणि आजी तर गेली. तुझ्यापर्यंत कोण पोहोचणार? पुस्तकात कुठेतरी तुझं खरं नाव छापून येईल आणि ते फक्त आपल्या दोघींना माहीत असेल. मला फार आनंद झाला होता तेव्हा.

शिबिरात दुसऱ्या कारखान्याचा एक सुपरवायझर होता, प्रेमदास. तो तुझ्या माहेरचा निघाला, कनेरगाव नाक्याजवळचा. बाकी तुला समजलंच असेल.

कोमल

•

हिंगोली,
७ जुलै २०२४

ती. काकू,

काल मी तुझ्या माहेरी आले होते. तू आत होतीस. दाराच्या फटीतून तुझ्या पातळाचा काठ दिसत होता आणि मामा मला ओसरीवर पाणी देत होते. त्यांची पंचाईत बघवत नव्हती. शेवटी म्हणाले, "पोरी, ताईनं मला सांगून ठेवलंय. पत्र आलं तर टाकू नको, ठेव. पण फोडायचं न्हाई अन् वाचून दाखवायचं न्हाई." उठून आत गेले आणि माझी दोन्ही पाकिटं आणून दाखवली. चिकटवलेली, तशीच.

येताना गाडीत रडले. मग नाक्यावर उतरून भजी खाल्ली. नंतर वाटलं, एका अर्थी बरंच झालं. तू उघडणार नाहीस म्हणजे आता मला खरं लिहिता येईल.

मी चहाचं बघत नव्हते. मी पहिल्या रांगेच्या कडेला होते, माइक हातात घेऊन.

हॉटेलचा हॉल, एसी, तीस सुपरवायझर. आधीचे दोन तास ते पेंगत होते. मग सुधाताईंनी तुझं वाचायला घेतलं. 'मंजुळा, वय सत्तेचाळीस, विधवा, माहेर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सासर दक्षिणेला.' गावं झाकली तरी एवढं त्यांनी ठेवलं होतं, संशोधनाला लागतं म्हणून. पाण्याचं आलं तेव्हा हॉल गप्प झाला, काकू. खरंच गप्प झाला. आणि मागून प्रेमदास उभा राहिला. वाईट मनानं नाही, मी शपथेवर सांगेन. त्याला जत्रेत गाववालं भेटावं तसा आनंद झाला होता. "आरं, ही तर आमची मंजुळी! संतरामची बहीण. डोंगरकड्याला दिल्याली. शाळंत माझ्या म्होरं बसायची!"

सगळे हसले. किसनराव माझ्याच शेजारी होते. त्यांनी मान वळवून हळूच विचारलं, "काय कोमल म्यॅडम, डोंगरकड्याला? तुमच्या गावची का?"

अशा वेळी काय म्हणायचं ते आम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतात. 'सर, नाव आणि माहिती दोन्ही बदललेली आहे.' एवढंच. नऊ वेळा म्हणवून घेतलं होतं आमच्याकडून. आणि मी म्हणाले, "आमची काकूच आहे ती."

का म्हणाले, याचा मी पाच महिने विचार करते आहे. त्या दुपारी माझ्या नोकरीच्या मुदतवाढीवर सही व्हायची होती, आणि पुढच्या टप्प्याला किसनरावांच्या कारखान्याची परवानगी हवी होती, म्हणून त्यांना नाराज करायचं नव्हतं. हे खरं आहे. पण त्याहून लाजेची गोष्ट ही, की मला अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माणसं माझ्या काकूचं ऐकून गप्प झाली, आणि ती माझी आहे हे कुणाला तरी कळावं असं मला वाटलं. तोंडातून निघून गेलं आणि मला वर बरंही वाटलं, संध्याकाळपर्यंत.

मुदतवाढ मिळाली. मी आता क्षेत्र समन्वयक आहे.

नंतरचं तू भोगलंस. काम गेलेल्या बाया आपल्या ओट्यावर येऊन तुला बोलल्या. शाळेतली पोरं आडोशाला उभी राहून "ए मंजुळा, बोल की टॅबमधी!" ओरडायची. आणि बाबा जेवणाच्या ताटावरून म्हणाले, "माझ्या मायचं नाव बाजारात नेलं ह्या बाईनं." तू भाकरी वाढत राहिलीस. ते नाव मी दिलं, हे मी बोलले नाही. भाजी वाढून घेतली.

मला माफी नको. मागायलाही तोंड नाही. तू एकदा मला पिठाच्या हातानं मार, एवढंच वाटतं.

कोमल

•

हिंगोली,
५ नोव्हेंबर २०२४

काकू,

भाऊबीजेला मामांना फोन केला होता. म्हणाले, तू दसऱ्यानंतर टोळीबरोबर निजामाबादकडे गेलीस, हळदीच्याच कारखान्यात. खेमाही बरोबर आहे. "बीजंला बी आली न्हाई," म्हणाले.

मग सहज म्हणाले, "तुही पत्रं घेऊन गेली की ती. तिन्ही. पिशवीत तळाला घातली."

काकू, तू ती फोडणार नाहीस असं समजून मी तिसरं लिहिलं. फोडलीस तर पहिलं आधी वाच. नाही, पहिलं वाचूच नकोस, ते खोटं आहे. दुसरं अर्धं वाच. मला काय लिहावं तेच कळत नाही. कारखान्याचा पत्ता मामांकडून घेतला आहे. हे तिथे पाठवते आहे.

कोमल

•

हिंगोली,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काकू,

खेमा संक्रांतीला गावी आली होती. मी डोंगरकड्याला जाऊन तिला गाठलं. आधी तिनं मला दारात उभंच केलं नाही. मग म्हणाली, बस. मी तुझं विचारलं तर खेमानं भांडी घासता घासता सांगितलं, "वाचली तिनं तुही पत्रं. एका बैठकीत. मंग चुलीत घातली, चहा ठेवला." मी विचारलं, काही म्हणाली का? "न्हाई. कामाला गेली." नोव्हेंबरचं माझं पत्र तिथे पोचलं का, तेही विचारलं. ते गेटवरूनच परत गेलं म्हणे. नीलाबाई नावाची बाई इथे नाही, असं सांगून.

मला आधी वाटलं, तू तो कारखाना सोडून आणखी कुठे गेलीस. तर खेमा म्हणाली, "तिथंच हाय. पर तिथं तिनं येगळंच नाव सांगितलंय. नीला न्हाई, अन् ते दुसरं तर न्हाईच न्हाई. आमालाबी त्याच नावानं हाक मारायला लावती." कोणतं, असं मी विचारलं. खेमानं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "ते तुला सांगायचं न्हाई म्हणलीय."

तरी मी गेले. परवा, नांदेडहून गाडी पकडून. सोबत तुझी राहिलेली दोन पातळं आणि आईनं दिलेलं मेतकूट होतं. आईनं बाबांना न सांगता दिलं.

गेटवर एक मुन्शी टेबल टाकून बसला होता, समोर हजेरीचा पट. "किससे मिलना है? नाम बोलो, नाम." मी म्हटलं, महाराष्ट्रातून आलेल्या बायकांची टोळी. त्यानं पट माझ्याकडे फिरवला. एक्केचाळीस नावं होती. मी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली. पार्वती होती, गंगूबाई होती, तीन लक्ष्मी होत्या. यातली एक तू आहेस हे मला माहीत होतं आणि कोणती ते कळायला काही मार्ग नव्हता.

मार्ग होता, काकू. हळद शिजवताना कुकरची वाफ तुझ्या डाव्या हातावर आली होती, मनगटापासून कोपरापर्यंत. तो डाग मुन्शीला सांगितला असता तर पाच मिनिटांत त्यानं तुला बाहेर आणलं असतं. मुन्शीनं स्वतःच विचारलं, "कोई निशानी है क्या?" माझ्या ओठांवर आलं होतं. मग मला तो हॉल दिसला, आणि किसनरावांची वळलेली मान. मी म्हणाले, नाही, काही निशाणी नाही. माझी चूक झाली, मी दुसरीकडे बघते.

पण लगेच निघवेना. समोरच्या टपरीवर बसले. एक वाजता बायका बाहेर आल्या. सगळ्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली, भुवयांपर्यंत पिवळ्या, सगळ्यांच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. टाकीपाशी रांग लागली. त्यातल्या एकीनं पाठ माझ्याकडे करून फडकं खाली ओढलं आणि तांब्या तोंडाला लावला. पूर्ण तांब्या प्यायली, मग अर्धा आणखी भरून घेतला. उंची तुझ्याएवढी होती. तू असशील असं मी ठरवून टाकलं. ती वळायच्या आत मी उठले, कारण वळल्यावर ती दुसरीच निघाली असती तर मला ते सोसलं नसतं. आणि तूच निघाली असतीस, तरीही.

पातळं परत आणली. मेतकूट टपरीवाल्या बाईला दिलं.

इथे आले तर सुधाताईंचा मेल आलेला. त्या वाईट नाहीत. तुमचं काम गेल्याचं मी कळवलं तेव्हा फोनवर रडल्या होत्या. आता नव्या अहवालात त्यांना एक प्रकरण घ्यायचं आहे, 'माहिती देणाऱ्या कामगारांवर होणारे परिणाम'. त्यात तुझी हकिकत हवी आहे. धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत हे पोचलं पाहिजे, म्हणतात. फॉर्म जोडलाय. मी सगळा भरला. वय, कामाची वर्षं, काम गेल्याची तारीख, स्थलांतर. नको म्हणायला हवं होतं ना? माझ्या मुदतवाढीचा हा शेवटचा महिना आहे.

'बदली नाव' या रकान्यात मी रेघ मारली. सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "कोमल, तो रकाना रिकामा चालत नाही गं. संगणक पुढे जाऊ देत नाही. काहीतरी घाल, तुला सुचेल ते." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळवते.

संध्याकाळ झाली. फॉर्म तसाच उघडा आहे आणि त्याच्या शेजारी हे पाकीट. पाकिटावर मी कारखान्याचा पूर्ण पत्ता घातला आहे, गाव, मंडल म्हणजे तिकडचा तालुका, जिल्हा, पिनकोडसुद्धा. वरची ओळ तेवढी राहिली. नीला लिहिलं तर गेटवरून परत येईल, आणि दुसरं लिहायचा मला हक्क नाही.

कोमल